रक्षणाची जुळणी
(पाम येथे भरलेल्या ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी या वर्षी आरोग्यविषयक व्याख्यानाचे काम आमच्याकडे सोपविले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आरोग्य म्हटले की स्वच्छ पाणी, सकस आहार, व्यसनमुक्ती हे विषय ओघाने येतात, आणि या व्यासपीठावरून अधिकारी व्यक्तींनी ते वेळोवेळी उत्तम प्रकारे मांडलेले आहेत. त्यांची पुनरुक्ती करण्याऐवजी आज आम्ही आपणांस एक निराळाच प्रश्न विचारणार आहोत. ज्या शत्रूस आपल्या शरीराने जन्मात कधी पाहिले नाही, त्याच्यावर चालणारे शस्त्र शरीराच्या भात्यात आधीपासून कसे असते? प्रथमदर्शनी हा प्रश्न प्रयोगशाळेतील पंडितांचा वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधीत गेल्यास ते आपल्या घरातील पाळण्यापर्यंत आणि सोयरीकीच्या बैठकीपर्यंत येऊन पोहोचते. म्हणूनच ज्ञातिसंमेलनात तो मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

आपल्या भागात भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे भय असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर जी लस रुग्णालयात टोचतात ती कशी तयार होते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. घोड्यास विषाची अत्यल्प मात्रा टोचून ती हळूहळू वाढवितात. काही काळाने घोड्याच्या रक्तात त्या विषास निष्प्रभ करणारे द्रव्य तयार होते, आणि ते शुद्ध करून माणसास देतात. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेने या कामी मोठी सेवा केलेली आहे. ज्यांचे नाव त्या संस्थेस दिले आहे, त्या डॉ. हाफकिन यांनी १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाल्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच्याही आधी, १८९० साली, जर्मनीत बेहरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनी घटसर्प व धनुर्वात यांवर असेच द्रव्य रक्तात निर्माण होते, हे दाखवून दिले होते. या द्रव्यास शास्त्रीय परिभाषेत प्रतिपिंड म्हणतात.

आता येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही की, तबेल्यातील त्या घोड्यास किंवा त्याच्या बापजाद्यांस फुरसे कधी चावलेले नसते. मग त्याचे शरीर फुरशाच्या विषावर नेमके बसणारे प्रतिपिंड कोठून आणते? पुढे लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने तर सृष्टीत नसलेले, केवळ प्रयोगशाळेत बनविलेले रासायनिक पदार्थ प्राण्यांच्या अंगात टोचून पाहिले. नवल असे की त्यांवरही प्रतिपिंडे तयार झाली. जे जगात नव्हतेच, त्याची तयारी शरीराने आधीच करून ठेविली होती, असे म्हणण्याची पाळी आली.

या कोड्याचे एक उत्तर आपल्याच परिसरातील धंद्याचा दाखला घेऊन सांगता येईल. चिंचणी, वरोर, वाढवण या शेजारच्या गावांत दागिन्यांचे साचे, ज्यांस आपण डाय म्हणतो, ते घडविणारे कसबी कारागीर पुष्कळ आहेत. डायवर पत्रा ठेवून ठोकला की डायचा आकार पत्र्यावर उठतो. लायनस पॉलिंग या थोर रसायनशास्त्रज्ञाने १९४० साली असे मत मांडले की, रोगजंतू हाच डाय होय. प्रतिपिंड हा मऊ पत्र्याप्रमाणे त्याच्यावर दाबला जातो आणि त्याला जंतूच्या आकाराची घडी पडते. मत मोठे सुटसुटीत होते. परंतु ते खरे ठरले नाही. प्रत्येक प्रथिनाची घडी त्याच्या घटकांच्या क्रमावर अवलंबून असते, आणि तो क्रम जनुकांत लिहिलेला असतो, हे पुढे सिद्ध झाले. बाहेरून कोणी ठोकून तो बदलत नाही.

१९५७ साली ऑस्ट्रेलियातील मॅकफार्लेन बर्नेट यांनी उलट दिशेने विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे की, शरीरात रक्षक पेशींचे असंख्य प्रकार आधीच तयार असतात आणि प्रत्येक पेशीजवळ एकाच आकाराचे प्रतिपिंड असते. रोगजंतू शिरला म्हणजे तो कोणास काही शिकवीत नाही. ज्या पेशीचे प्रतिपिंड त्याच्यावर बसते, तीच पेशी जागी होते, तिची वंशवृद्धी होते आणि तिची संतती तेच प्रतिपिंड रक्तात सोडू लागते. शत्रू हा गुरू नसून केवळ निवड करणारा आहे, हा त्यातील मर्मभाग होय. हा विचार टिकला. परंतु त्यातून दुसरा, अधिक बिकट प्रश्न उभा राहिला. माणसाच्या ठायी प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २०,००० आहेत, हे आज आपण जाणतो. आणि प्रतिपिंडांचे प्रकार तर कोट्यवधी. वीस हजार कप्प्यांच्या कोठारात कोट्यवधी हत्यारे ठेवावयाची कशी?

या कोड्याची उकल स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे काम करणारे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी केली. आपले सहकारी होझुमी यांच्यासह त्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात अमर झाला आहे. त्यांनी उंदराच्या गर्भातील डी.एन.ए. घेतला आणि प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींच्या अर्बुदातील डी.एन.ए. घेतला. दोन्ही एकाच विकराने, म्हणजे रासायनिक कात्रीने, कापले आणि प्रतिपिंडाचे जनुक कोणत्या तुकड्यावर आहे ते पाहिले. गर्भात त्या जनुकाचे दोन भाग दोन वेगळ्या तुकड्यांवर, एकमेकांपासून दूर आढळले. अर्बुदाच्या पेशीत मात्र ते एकाच तुकड्यावर जवळ आलेले होते. शरीरातील प्रत्येक पेशीत जनुकांची मांडणी तीच असते आणि जन्मभर तीच राहते, ही तोपर्यंतची ठाम समजूत होती. ड्रायर आणि बेनेट या अमेरिकन अभ्यासकांनी १९६५ सालीच तिच्याविषयी शंका काढली होती. तोनेगावांनी पुरावा दिला. रक्षक पेशी वाढीस लागताना स्वतःचीच जनुके कापते आणि पुन्हा सांधते! १९८७ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्यांना मिळाले.

ही जुळणी कशी होते ते आता थोडक्यात पाहू. प्रतिपिंडात दोन मोठ्या आणि दोन लहान साखळ्या असतात. त्यांच्या टोकाचा भाग प्रत्येक पेशीत निराळा असतो, आणि शत्रूस पकडतो तो हाच. मोठ्या साखळीच्या या टोकासाठी चौदाव्या गुणसूत्रावर तीन जातींचे तुकडे ओळीने मांडलेले असतात. शास्त्रज्ञ त्यांस व्ही, डी आणि जे म्हणतात. माणसात कामाचे व्ही तुकडे सुमारे ४०, डी सुमारे २३ आणि जे ६ आहेत. प्रत्येक पेशी प्रत्येक जातीतील एकेक तुकडा उचलते. प्रथम डी आणि जे जोडते, मग त्यांस व्ही जोडते. येथेच ४० गुणिले २३ गुणिले ६, म्हणजे ५,५२० प्रकार झाले. लहान साखळीत डी नसतो, केवळ व्ही आणि जे. तिचे दोन घराणे असून दोहोंचे मिळून सुमारे ३२० प्रकार होतात. मोठी आणि लहान साखळी यांच्या जोड्या लाविल्या म्हणजे ही संख्या १७ लाखांच्या वर जाते. डायच्या धंद्यातील मंडळींस यात काही अद्भुत वाटू नये. पाकळीचे काही, देठाचे काही, मण्याचे काही असे मोजके डाय पेटीत असले, तरी त्यांच्या मेळातून गिऱ्हाइकास दरवेळी नवा दागिना दाखविता येतो.

तथापि विविधतेचा मोठा हिस्सा याहूनही विलक्षण ठिकाणी आहे. दोन तुकडे सांधण्यापूर्वी त्यांच्या टोकांची काही अक्षरे गळतात, आणि एक विकर कोणताही मूळ नमुना न पाहता, आपल्या मर्जीने, तेथे नवीन अक्षरे घालते. ही अक्षरे आईबापांकडून आलेली नसतात. ती त्या पेशीत प्रथमच लिहिली जातात. सांध्यावरील या स्वैर लेखनामुळे संभाव्य प्रतिपिंडांची संख्या दहा हजार कोटींच्याही पुढे जाते. जुळ्या भावंडांची इतर जनुके सारखी असली, तरी त्यांच्या रक्षक पेशींचे भांडार सारखे नसते, त्याचे कारण हेच होय.

हे कापण्याचे काम करणारी कात्री कोणती? १९८९ आणि १९९० या साली अमेरिकेत डेव्हिड शाट्झ, मार्जोरी ऑटिंजर आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी रॅग-एक आणि रॅग-दोन ही दोन जनुके शोधून काढिली. त्यांपासून बनणारी प्रथिने जोडीने काम करतात. प्रत्येक तुकड्याच्या कडेस एक खूण असते: सात अक्षरे, मग मोकळी जागा, मग नऊ अक्षरे. मोकळी जागा काही खुणांत १२ अक्षरांची, तर काहींत २३ अक्षरांची असते. आणि नियम असा की बाराच्या खुणेची जोड तेवीसच्या खुणेशीच व्हावयाची. बारा-बाराची नाही, तेवीस-तेवीसचीही नाही. आपल्याकडे एका कुळात सोयरीक होत नाही, तसाच हा रेणूंतील कुळाचार समजावा. मोठ्या साखळीतील व्ही आणि जे या दोहोंच्याही खुणा तेवीसच्या, म्हणून त्यांची थेट गाठ पडत नाही. मध्ये डी यावाच लागतो. कापलेली टोके सांधण्याचे काम मात्र शरीरातील नेहमीचे कारागीर करतात. किरणोत्साराने डी.एन.ए.चे दोन्ही धागे तुटले असता जी यंत्रणा ते सांधते, तीच येथे राबते. तारापूरच्या अणुविद्युत् केंद्रात नोकरी करणाऱ्या आमच्या बांधवांस ही गोष्ट विशेष उद्बोधक वाटेल.

ही व्यवस्था फार प्राचीन आहे. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात येणारी मुशी आणि पाकट यांच्याही रक्षक पेशी अशीच जुळणी करतात. रॅगची जोडी ही मुळात एका ठिकाणाहून सुटून दुसऱ्या ठिकाणी घुसणाऱ्या भटक्या जनुकाची कात्री असावी, असा तर्क अलका अग्रवाल, क्विन ईस्टमन आणि शाट्झ यांच्या १९९८ सालच्या प्रयोगांनी बळकट केला. सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी आमच्या अतिप्राचीन पूर्वजांच्या घरात शिरलेला चोर पुढे घराचा राखणदार झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

ही सारी जुळणी आंधळी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. पेशीस पुढे कोणता शत्रू येणार हे ठाऊक नसते. ती केवळ पत्ते पिसते. म्हणूनच अपव्यय फार होतो. जनुकातील अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. त्यामुळे दर तीन सांध्यांपैकी साधारण दोन चुकीच्या जागी पडून वाया जातात. आईकडून आलेल्या गुणसूत्रावर डाव फसला तर बापाकडून आलेल्यावर किंवा उलट, असा आणखी एक प्रयत्न होतो. तोही फसला तर पेशी अस्थिमज्जेतच मरते. जमलेल्या पेशींचीही परीक्षा होते. जिचे प्रतिपिंड आपल्याच शरीरास चिकटते, ती लहान साखळी बदलून पाहते. तरीही न जमल्यास तिला नष्ट किंवा निष्क्रिय केले जाते. म्हणजे आधी मनसोक्त विविधता, आणि मागाहून कडक पारख, असा हा क्रम आहे. टी-पेशी नावाच्या दुसऱ्या रक्षक पेशी छातीतील यौवनलोपी ग्रंथीत हीच जुळणी आणि हीच परीक्षा करतात.

या पारखीचे ठसठशीत उदाहरण आपल्या मुंबईनेच जगास दिले आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक नवा रक्तगट जाहीर केला. त्यास आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. आपणा बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर एच नावाचा शर्करापदार्थ असतो. ए आणि बी हे गट त्याच्यावरच उभारलेले असतात, आणि ओ गटात तो एकटा असतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तींत हा एच पदार्थच नसतो. आता एच पदार्थास चिकटणारी प्रतिपिंडे आंधळ्या जुळणीतून आपणा सर्वांच्या ठायी उद्भवू शकतात. परंतु एच आपला असल्यामुळे पारखीत ती गळतात. ज्याच्या अंगात एच नाही, त्याच्या दृष्टीने एच परका. म्हणून त्याच्या रक्तात एचविरोधी प्रतिपिंडे राहतात, आणि ओ गटाचे रक्तही त्यास प्राणघातक ठरू शकते. अशी व्यक्ती साध्या तपासणीत ओ गटाची वाटते, हा धोका विशेष ध्यानात ठेवावा. परके काय आणि आपले काय, हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नसते. ज्याच्या त्याच्या शरीराने ते लहानपणी ठरविलेले असते.

इतके नाजूक काम कधी बिघडणार नाही, असे कसे होईल? बिघाड दोन प्रकारचा. पहिल्या प्रकारात कात्री चुकीच्या ठिकाणी चालते किंवा तुटलेले टोक भलत्याच गुणसूत्रास जोडले जाते, आणि त्यातून काही प्रकारचे रक्ताचे व लसीका ग्रंथींचे कर्करोग उद्भवतात. येथेही विज्ञानाने शत्रूच्या हातातील काठी हिसकावून घेतलेली आहे. अशा ल्युकेमियातील साऱ्या पेशी बहुधा एकाच पेशीच्या संततीतील असल्याने त्यांच्यावर जुळणीची एकच मोहर असते. उपचारानंतर ती मोहर शोधून किती रोग उरला हे मोजता येते. आणि आय.आय.टी. मुंबई व टाटा मेमोरियल या संस्थांच्या परिश्रमांतून 'नेक्सकार-१९' ही उपचारपद्धती सिद्ध झाली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते मुंबईत तिचे उद्घाटन झाले. या पद्धतीत रोग्याच्याच टी-पेशी बाहेर काढून, प्रतिपिंडाच्या टोकासारखे टोक त्यांस बसवून, कर्करोगी पेशींवर सोडतात. निसर्गाची जुळणी माणसाच्या हाती आली, ती अशी.

दुसरा बिघाड अधिक करुण आहे, आणि त्यासाठीच आज आम्ही एवढा वेळ आपला घेतला. रॅगची कात्रीच सदोष असेल तर एकही तुकडा जुळत नाही. मग बी-पेशी नाहीत, टी-पेशी नाहीत, कोठार रिकामे. असे बाळ जन्मते तेव्हा गुटगुटीत दिसते, कारण गर्भात आईकडून मिळालेली प्रतिपिंडे काही महिने त्याचे रक्षण करतात. ती शिधोरी संपली की न्यूमोनिया, तोंडातील न हटणारी बुरशी, सततचे जुलाब यांनी ते खंगत जाते. औषधाने बरे होते आणि पुन्हा पडते. वेळीच उपचार न झाल्यास असे बाळ बहुधा पहिल्या एकदोन वर्षांतच दगावते. हा गंभीर प्रतिकारहीनतेचा रोग इतर काही जनुकांच्या दोषांमुळेही होतो. त्यांतील एका प्रकारात केवळ मुलगेच बळी पडतात.

आपल्या समाजात अशा घरांत काय बोलले जाते, ते आपण सर्वजण जाणतो. सटवाईने कपाळी लिहिलेच तसे, दृष्ट लागली, सून पांढऱ्या पायाची निघाली! एकामागून एक दोन लेकरे गेलेली माता आधीच अर्धमेली असते, तिच्या माथी हे दूषण बसते. आम्हांस ठासून सांगावयाचे आहे की, रॅगच्या दोषात आईबाप दोघेही निरोगी असतात, आणि दोघांकडेही त्या जनुकाची एकेक प्रत सदोष असते. बाळाच्या वाट्यास दोन्ही सदोष प्रती आल्या तरच रोग होतो. प्रत्येक गर्भाच्या वेळी ही शक्यता चारांत एक. यात सुनेचा जितका हात, तितकाच मुलाचा. आणि दोष तर दोघांचाही नाही.

आता सोयरीकीचा प्रश्न येतो. सदोष प्रत सहसा विरळ असते; दोन अनोळखी घराण्यांत तीच प्रत दोन्हीकडे असण्याचा संभव अल्प. परंतु मामाच्या मुलीशी लग्न लाविले, की आजोबांकडून आलेली एकच प्रत दोन्ही बाजूंनी बाळाकडे येण्याची वाट मोकळी होते. सख्ख्या मामेबहिणीशी आपली जनुके सरासरीने अष्टमांश समान असतात. कूळ निराळे असले म्हणून रक्त निराळे होत नाही. बॉम्बे रक्तगटही अशाच दोन प्रतींच्या योगाने येतो. आणि केवळ मामेबहिणीपुरतीच ही गोष्ट नाही. हैदराबादच्या रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. थंगराज यांनी परदेशी सहकाऱ्यांसह दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजगटांचा अभ्यास करून २०१७ साली जाहीर केले की, ८१ गट मोजक्याच मूळ कुटुंबांपासून वाढलेले असून त्यांच्यात अशा दोषांचा संभव विशेष आहे. या गटांपैकी १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. म्हणजे ज्ञाती मोठी दिसली तरी तिचे मूळ लहान असू शकते. पिढ्यानपिढ्या आतल्या आत लग्ने झाल्यास दूरचा सोयराही जनुकांनी जवळचा असू शकतो.

आम्ही ज्ञातिसंस्थेचे विरोधक नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, विवाहाचा खर्च आटोक्यात आणणे ही या संस्थांची कामे आम्ही डोळ्यांनी पाहिलेली आहेत. परंतु जी संस्था आपल्या माणसांचे हित पाहते, तिने हा हिशेबही पाहिला पाहिजे. शरीरातील त्या सूक्ष्म कारागिराने बारा-बाराची गाठ निषिद्ध मानिली. दूरच्या तुकड्यांच्या मेळातून त्याने रक्षण साधले. आपण निदान अगदी जवळच्या नात्यातील विवाहाचा आग्रह सोडावा, आणि ज्ञातीबाहेरचे सुयोग्य स्थळ आले असता केवळ बाहेरचे म्हणून ते परतवू नये, असे आमचे सुचविणे आहे. काहींस हे कटू लागेल. परंतु रिकाम्या पाळण्याइतके कटू काहीच नाही.

शेवटी काही व्यावहारिक सूचना. पहिली: ज्या घरात पहिल्या वर्षभरात एखादे मूल वारंवारच्या जंतुदोषाने गेले असेल, त्या घरी पुढचे बाळ अपेक्षित असता डॉक्टरांस ही हकीकत प्रसूतीपूर्वीच सांगावी. आपल्याकडे जन्मतः बी.सी.जी. टोचतात. त्या लशीत जिवंत, पण दुबळे केलेले जंतू असतात. प्रतिकारहीन बाळात तेच पसरतात. म्हणून अशा घरच्या बाळाची प्रतिकारशक्ती तपासून होईपर्यंत बी.सी.जी., तोंडावाटे दिला जाणारा पोलिओचा डोस आणि अशा इतर जिवंत लशी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्यात. इतर सर्व बाळांस मात्र लसी वेळेवर द्याव्यात. आमच्या या सूचनेचा कोणी लसीकरणाविरुद्ध उपयोग केला, तर तो घोर अन्याय होईल. कारण लस हीच आंधळ्या जुळणीतून योग्य पेशी निवडून, वाढवून ठेविण्याची युक्ती आहे.

दुसरी: साध्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट पेशींचा आकडा येतो. तान्ह्या बाळात तो प्रौढांपेक्षा बराच अधिक असावयास हवा. दर घनमिलिमीटरमागे ३,००० हून कमी आढळल्यास पुढील तपासणी झालीच पाहिजे. मोठ्या माणसाच्या मोजपट्टीने तो पुरेसा समजू नये. यापुढची एक तपासणी तर आजच्या विषयाचेच फळ आहे. टी-पेशींत तुकडे जुळताना मधला भाग सुटून त्याची लहान वर्तुळे बनतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ती वर्तुळे मोजली की जुळणी चालू आहे की नाही ते कळते. अमेरिकेत २००८ पासून नवजात बाळांची अशी चाचणी सुरू झाली आणि २०१८ अखेर ती सर्व राज्यांत पोहोचली. आपल्याकडे ती अद्याप सर्व बाळांसाठी नाही. परंतु परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात, १९५७ साली रक्तगट केंद्र म्हणून सुरू झालेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संस्था या रोगांचे निदान करते. बोईसरहून रेल्वेने मुंबई काही परदेश नाही. निरोगी भावंडाची अस्थिमज्जा देऊन असे बाळ वाचविता येते, हे १९६८ सालीच सिद्ध झाले आहे. जंतुदोष जडण्यापूर्वी, पहिल्या काही महिन्यांत हे केले तर यश फार मोठे असते. येथे दिवस मोजावे लागतात.

तिसरी सूचना संस्थेस. आपण वधूवरांची सूची ठेवितो, वंशावळी छापतो. त्याच दप्तरात, कुटुंबांच्या संमतीने आणि गुप्तता राखून, बालमृत्यूंची व रक्तगटांची नोंद ठेवावी. बॉम्बे रक्तगटाची एखादी व्यक्ती आढळल्यास रक्तपेढीस कळवावे. ज्या घरांत संशय असेल, त्यांच्या तपासणीसाठी आणि मुंबईच्या खेपांसाठी संस्थेच्या निधीतून एक लहानशी रक्कम बाजूस काढावी. देणगीदारांच्या नावांच्या पाट्या लागतात, त्या लागोत. या कामास पाटीची गरज नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या अस्थिमज्जेत या क्षणी असंख्य पेशी पत्ते पिसीत बसलेल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक वाया जातील. जी उरतील, त्यांतील एखादी कदाचित वीस वर्षांनी येणाऱ्या, आज नावही नसलेल्या रोगास ओळखील. इतक्या दूरवरची तरतूद निसर्गाने केली आहे. आपण पुढच्या एका पिढीपुरती तरी करावी, एवढीच प्रार्थना.